टॉर्व्हिल आणि डीन: बर्फावरची जोडी

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुम्हांला जेन टॉर्व्हिल या आइस डान्सर बाईंची हकिगत सांगणार आहे. त्यांच्याबद्दल बोलायचं तर ख्रिस्तोफर डीन यांच्याबद्दलही बोलावंच लागतं, कारण आइस डान्स हा जोडीचा खेळ. एकटीनं तो खेळताच येत नाही.

टीव्हीवर आपण बर्फावरच्या ज्या थरारक उड्या पाहतो, त्या या खेळातल्या नव्हेत. पेअर स्केटिंग म्हणून वेगळा प्रकार आहे. त्यात पुरुष जोडीदारणीला डोक्यावर पेलतो, लांब फेकतो, आणि ती हवेत गिरक्या घेऊन उतरते. आइस डान्समध्ये असलं काही चालत नाही. उचलण्यावर बंधनं, उड्यांवर बंधनं, आणि एकमेकांपासून फार वेळ सुटं राहिलं तरी गुण कापले जातात. मग उरतं काय? उरतात पावलं, ताल आणि बुटाखालचं पातं. हे पातं जेमतेम चार मिलिमीटर रुंद असतं आणि मधोमध पन्हळीसारखं खोलगट असतं, त्यामुळे त्याला दोन कडा येतात, एक आतली आणि एक बाहेरची. सगळा खेळ या दोन कडांवर तोलायचा. आपल्याकडे पुण्यामुंबईत पुष्कळ मुलं चाकांच्या स्केट्सवर धावतात. त्यांना तोल म्हणजे काय ते ठाऊक असतं, पण चाकाला अशी कड नसते. जाणकार माणूस तर डोळे मिटूनही सांगतो की कोण कसं खेळतंय. पातं सपाट पडलं की बर्फावर खरखर होते. कड नीट धरली असेल तर खोल, सलग असा एकच आवाज येतो. आणि जोडी मुरलेली असेल, तर चार पायांचा मिळून तो एकच आवाज येतो.

जेनचा जन्म १९५७ चा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. आईवडिलांचं वर्तमानपत्रांचं दुकान होतं. शाळेच्या सहलीबरोबर ती रिंकवर गेली आणि तिथलीच झाली. आधी ती पेअर स्केटिंग करायची. चौदाव्या वर्षी ब्रिटनची राष्ट्रीय विजेतीही झाली. पण जोडीदार शहर सोडून गेला आणि ती एकटी पडली. शाळा संपल्यावर तिनं एका विमा कंपनीत कारकुनी धरली.

ख्रिस्तोफर तिच्यापेक्षा काही महिन्यांनी लहान. तो कॅल्व्हर्टन नावाच्या कोळसा खाणीच्या गावातला, वडील खाणीत इलेक्ट्रिशियन. दहाव्या वर्षी नाताळात त्याला स्केट्स मिळाले. पुढे तो पोलिसात भरती झाला. त्याचीही पहिली जोडी फुटली होती. १९७५ मध्ये जॅनेट सॉब्रिज या प्रशिक्षक बाईंनी या दोघांना एकत्र उभं केलं. दोघंही कमालीचे लाजरे. एकमेकांच्या इतक्या जवळ उभं राहायचं म्हणजे अवघडच वाटायचं.

आता बघा, पोलिसाची पाळी आज सकाळची तर उद्या रात्रीची, आणि तिचं ऑफिस नऊ ते पाच. रिंकवर दिवसभर पैसे भरून येणाऱ्यांची गर्दी. सरावाला बर्फ मिळायचा तो रात्री उशिरा नाही तर भल्या पहाटे. हे असं पाच वर्षं चाललं. १९७८ पासून बेट्टी कॅलवे यांच्याकडे शिकणं सुरू झालं, त्याच वर्षी ब्रिटनचं विजेतेपद आलं, आणि १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये पाचवा क्रमांक. नोकरी सांभाळून पाचवा क्रमांक! त्यानंतर मात्र दोघांनी नोकऱ्या सोडल्या. पोटापाण्याचं काय? तर नॉटिंगहॅमची नगर परिषद पुढे आली. १९८४ च्या ऑलिंपिकपर्यंत पुरतील असे एकूण ४२ हजार पौंड तिनं मंजूर केले. नागरिकांच्या करातला पैसा दोन तरुणांच्या नाचावर घालायचा, हा निर्णय सोपा नसणार. त्या परिषदेबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पदक आल्यावर सत्कार करणारे पुष्कळ असतात. हिनं पदक येण्याच्या आधी चार वर्षांची भाकरी दिली.

मग १९८१ पासून सलग चार वर्षं जगज्जेतेपद. ही यादी मी वाचत बसत नाही. मला तुम्हांला न्यायचं आहे ते १४ फेब्रुवारी १९८४ या दिवशी, सारायेव्होतल्या ऑलिंपिकच्या झेत्रा हॉलमध्ये. सारायेव्हो तेव्हा युगोस्लाव्हियात होतं.

त्या काळी फ्री डान्ससाठी, म्हणजे जोडीनं आपल्या पसंतीच्या संगीतावर स्वतः बसवलेल्या नाचासाठी, तीन-चार वेगवेगळ्या लयींचे तुकडे जोडायची पद्धत होती. थोडं जलद, थोडं संथ, पुन्हा जलद. टॉर्व्हिल-डीननी ठरवलं की या वेळी एकच संगीत घ्यायचं, मोरिस रॅव्हेल या फ्रेंच संगीतकाराचं १९२८ मधलं ‘बोलेरो’. यात ढोलकाचा एकच ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजत राहतो. लय वाढत नाही. आवाज मात्र वाढत जातो, एकेक वाद्य येऊन मिळत जातं, आणि शेवटी सगळा वाद्यवृंद एकदम कोसळतो. आपल्याकडच्या श्रोत्याला विलंबितातून द्रुताकडे जाण्याची सवय असते. इथे लय जागच्या जागी ठेवून चढत जायचं असतं, आणि नाचणाऱ्याला ते फार कठीण जातं, कारण वेगाच्या आड लपायला जागाच राहत नाही.

अडचण पुढेच होती. मूळ रचना सुमारे पंधरा मिनिटांची. नियमाप्रमाणे वेळ चार मिनिटं, वर फार तर दहा सेकंदांची सूट. काटून काटून, पुन्हा बांधून, ‘बोलेरो’ चार मिनिटं अठ्ठावीस सेकंदांच्या खाली येईना. आणखी काटलं तर तो चढच मोडायचा. म्हणजे अठरा सेकंदं जास्त. तेव्हा नियमाचं पुस्तक पुन्हा उघडलं गेलं. घड्याळ कधी सुरू होतं? तर स्केटचं पातं बर्फावर टेकून स्केटिंग सुरू होतं तेव्हा. मग सुरुवात गुडघ्यांवर केली तर?

तशीच केली. दोघं समोरासमोर गुडघे टेकून बसलेले, अंगावर खाली गर्द आणि वर फिकट होत गेलेला जांभळा पोशाख. ढोलक वाजू लागतो. दोघं कमरेतून झुलतात, हात एकमेकांभोवती फिरतात, ती त्याच्या अंगावरून वळते, आणि घड्याळ बंदच असतं. मग ती पहिलं पाऊल टाकते. नियम मोडलेला नाही, आणि पाहणाऱ्याला वाटतं की या नाचाची सुरुवात याहून वेगळी असूच शकत नव्हती. मला विचाराल तर त्या साऱ्या कारकिर्दीत मला सगळ्यांत मोलाची वाटते ती ही जागा. अडचणीवर कसाबसा तोडगा काढणारे खूप असतात. इथे तोडगा हाच त्या रचनेचा सर्वांत सुंदर भाग झाला.

नाचाला एक कथाही होती. एकत्र राहता येणार नाही असे दोन प्रेमिक ज्वालामुखी चढून जातात आणि त्यात उडी घेतात. म्हणून शेवटच्या ठोक्याला दोघंही बर्फावर झोकून देतात.

तेव्हा नऊ परीक्षक असत आणि प्रत्येक जण दोनदा गुण देई, एकदा तंत्राचे आणि एकदा कलेचे. जास्तीत जास्त गुण सहा. कलेच्या रांगेत नऊच्या नऊ परीक्षकांनी सहा दिले. तंत्राच्या रांगेत तीन जणांनी सहा आणि उरलेल्यांनी पाच पूर्णांक नऊ. एकूण बारा वेळा सहा. ब्रिटनमध्ये त्या रात्री सुमारे दोन कोटी चाळीस लाख लोक टीव्हीसमोर होते. त्याच दिवशी पहाटे त्यांनी रिकाम्या हॉलमध्ये सराव केला होता, आणि तो संपल्यावर तिथल्या सफाई कामगारांनी हातातलं काम ठेवून टाळ्या वाजवल्या. ही आठवण डीन यांनीच सांगितली आहे.

दिवस व्हॅलेंटाइनचा, नाच प्रेमिकांचा. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं लोक एकच विचारत राहिले, लग्न कधी करणार? त्यांनी ते केलं नाही. दोघांचेही संसार वेगळे झाले. त्या प्रश्नात मला त्यांच्या कामाची नकळत हेळसांड दिसते. ते प्रेम रंगवलेलं होतं आणि रंगवण्यासाठी वर्षानुवर्षं घासलेलं होतं. डीन तापट, एकेका पावलासाठी अडून बसणारे. जेनबाई शांत. त्या शांतपणावरच ही जोडी टिकली असं मी मानतो, आणि त्याचं श्रेय त्यांना कमीच मिळालं.

१९८४ नंतर ते व्यावसायिक झाले. त्या काळी व्यावसायिकांना ऑलिंपिकची दारं बंद असत. पुढे नियम सैल झाले आणि १९९४ मध्ये, पस्तिशी ओलांडल्यावर, दोघं परतले. युरोपियन स्पर्धा जिंकली, पण निसटती. परीक्षकांना काय खटकलं हे बघून त्यांनी काही आठवड्यांत नाचाचा बराचसा भाग बदलला आणि नॉर्वेतल्या लिलहॅमरला उतरले. प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं. पदक मिळालं ते ब्राँझ. एका उचलण्यावरून नियमाचा वाद बराच गाजला. ज्यांनी एकदा नियमातून वाट काढली होती, त्यांनाच या वेळी नियम आडवा आला. याचं मला आजही वाईट वाटतं. पण पस्तिशीनंतर असा डाव पुन्हा मांडायला लागणारी हिंमत त्या ब्राँझपेक्षा मोठी होती.

झेत्रा हॉलची गोष्ट सांगितल्याशिवाय मला थांबता येणार नाही. १९९२ नंतरच्या बोस्नियाच्या युद्धात तो हॉल उद्ध्वस्त झाला. तिथल्या आसनांचं लाकूड शवपेट्यांसाठी वापरलं गेलं. १९९९ मध्ये तो पुन्हा उभा राहिला, आणि २०१४ च्या फेब्रुवारीत, बरोबर तीस वर्षांनी, टॉर्व्हिल आणि डीन तिथे परत ‘बोलेरो’ नाचले. पन्नाशी उलटलेले दोघं, समोर सारायेव्होचे लोक.

२०२४ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि २०२५ मध्ये निरोपाचा दौरा केला. जोडी जमून तेव्हा पन्नास वर्षं झाली होती.

सारायेव्होतल्या त्या नाचाचं चित्रण आज सहज पाहायला मिळतं. जरूर बघा, आणि दोनदा बघा. पहिल्यांदा नुसतं बघा. दुसऱ्यांदा जेनबाईंवर नजर ठेवा, कारण डीन उंच आणि सोनेरी केसांचे, लक्ष आपोआप त्यांच्याकडे जातं. त्या कुठल्या क्षणी भार आतल्या कडेवरून बाहेरच्या कडेवर नेतात ते पकडता येतं का बघा. मला अजून सगळ्या जागा सापडलेल्या नाहीत.

नमस्कार.