पील: ब्रश, घड्याळ आणि पांढरा डाग

केमिकल पील म्हणजे ॲसिड लावून चेहऱ्याच्या कातडीचा वरचा थर सोलून काढणं. ही वाटी बघा, पाण्यासारखं दिसतंय ते ग्लायकोलिक ॲसिड. उसात असतं तेच, पण ह्याचा रेणू त्याच्या सगळ्या भाऊबंदांत लहान, म्हणून पटकन आत शिरतं आणि म्हणूनच शेजारी घड्याळ ठेवलंय.

आधी ॲसिटोनचा बोळा. चेहऱ्यावर तेल राहिलं तर ॲसिड कुठे कमी कुठे जास्त लागतं. मग डोळ्यांचे कोपरे, नाकपुडीच्या बाजूच्या घड्या आणि ओठ, इथे बोटाने व्हॅसलिन, कारण तिथेच ते साचतं.

आता ब्रश. कपाळ, गाल, हनुवटी, सगळं एका दमात, थांबायचं नाही. चुणचुण सुरू झाली, म्हणून हातपंखा. डॉक्टर घड्याळाकडे बघतायत असं वाटतं ना, पण नाही, त्यांची नजर गालावरच आहे, लाली एकसारखी चढतेय का ते बघतायत, आणि नाकाशेजारी जरा पांढरट झालं की वेळ उरली असली तरी तिथे लगेच न्यूट्रलायझर, म्हणजे ॲसिड थांबवणारं सोड्याचं पाणी. तो फेस येतोय तो सोड्याचा, ॲसिड मेलं.

हा दुसरा चेहरा, सॅलिसिलिक पील, पिंपल्सवाल्या तेलकट त्वचेसाठी. इथलं पांढरं म्हणजे नुसते सुकलेले कण, पुसलं की जातं. टीसीए म्हणजे ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड, पीलचंच आणखी एक ॲसिड; त्याचं पांढरं पुसून जात नाही, तिथे कातडीतलं प्रोटीनच गोठलेलं असतं आणि न्यूट्रलायझर लावून ते थांबतही नाही. ही दोन पांढरी ज्याला वेगळी ओळखता येत नाहीत त्याच्या हातात ब्रश देऊ नये, आणि ऑनलाइन बाटली मागवून घरी बसणाऱ्याला तर अजिबात नाही!

तसं हे काही नवं फॅड नाही बरं का. जर्मन त्वचातज्ज्ञ पॉल उना ह्यांनी १८८२ मध्येच सॅलिसिलिक, टीसीए, फिनॉल ह्या पीलच्या रसायनांबद्दल लिहून ठेवलंय.

तिसरा दिवस. हनुवटीजवळ पापुद्रे सुटलेत. ओढायचे नाहीत, सनस्क्रीन चुकवायचं नाही, नाहीतर डाग गडद होतात, सावळ्या त्वचेवर जास्तच. पुढचा पील दोन ते चार आठवड्यांनी. पिंपल्सचे डाग, खडबडीतपणा कमी होतो, खोल खड्डे भरत नाहीत, आणि गोरं वगैरे कुणी होत नाही.

हा त्याच गालाचा क्लोजअप, चौथ्या पीलनंतरचा. लाईट तोच, मेकअप नाही.