घडीच्या चाकूची मूठ

श्रोतेहो, नमस्कार.

घडीचा चाकू घ्यायला गेलं की बहुतेक जण आधी पात्याचं पोलाद विचारतात. धार किती टिकेल, गंज चढेल का? प्रश्न रास्तच आहेत. पण बोथट पातं थोड्या वेळात दगडावर घासून पुन्हा कामाला लागतं. मूठ तडकली की तो चाकू खणात जातो आणि तिथेच राहतो. म्हणून आज बोलायचंय ते मुठीविषयी, आणि तेही रोज राबणाऱ्या चाकूच्या. दोर, जाड पुठ्ठा, फांद्या कापायच्या, पावसात नाहीतर तेलकट हातांनी, अशा चाकूच्या.

सरळ, न मिटणाऱ्या चाकूत पातं मुठीच्या आतपर्यंत गेलेलं असतं, त्यामुळे जोर पोलादच पेलतं. घडीच्या चाकूत तसं नाही. तिथे पातं एका आसावर फिरतं, आस मुठीत बसलेला असतो आणि उघडलेलं पातं मिटू न देणारं लॉकही मुठीतच असतं. पात्यावर दिलेला सगळा जोर या दोन जागांवर येतो. म्हणजे मुठीला दोन कामं करावी लागतात: सांगाडा व्हायचं आणि हातात घट्ट बसायचं. कोणताही पदार्थ निवडताना मी आधी एवढंच पाहतो, की यातलं कोणतं काम तो करतोय.

जुन्या कारागिरांनी ही कामं वाटून दिली होती. आत पितळेच्या पट्ट्या, बाहेरून हाड, शिंग किंवा लाकूड. सांबरशिंगाची मूठ हातात घेतली की सोडवत नाही, हे मला मान्य आहे. पण हाड आणि शिंग वाळतं, आक्रसतं आणि नेमकं रिव्हेटच्या, म्हणजे थर जोडणाऱ्या खिळ्याच्या, भोकापाशी तडकतं. दगडावर पडलं तर टवका उडतो. लाकडाचं दुखणं वेगळं. ते पाणी पितं. फ्रान्सच्या सावोई भागात १८९० साली जन्मलेला ओपिनेल चाकू घ्या. त्याची मूठ बहुतेक बीचच्या लाकडाची असते, साधी, हलकी, हाताला गोड. पण ती भिजली की फुगते आणि पातं खाचेत असं आवळून बसतं की ओढूनही निघत नाही. माझ्या चाकूचं भर पावसात तसं झालं, आणि समोरचा दोर दातांनी सोडवायची वेळ आली. नंतर मी त्या मुठीला जवसाचं तेल दोन-तीनदा मुरवलं. त्रास कमी झाला, पण पूर्ण गेला नाही.

आता माझ्या आवडीच्या पदार्थाकडे येतो. १९०७ साली रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलँड यांनी बॅकेलाइट नावाचं प्लास्टिक तयार केलं. जुने काळे विजेचे स्विच त्याचेच. नुसतं बॅकेलाइट ठिसूळ असतं. पण त्याच जातीच्या रेझिनमध्ये, म्हणजे तापवल्यावर कडक होणाऱ्या चिकट द्रवात, कापडाचे किंवा कागदाचे थर भिजवून उष्णता आणि दाबाखाली एकजीव केले की मायकार्टा होतो. अमेरिकेतल्या वेस्टिंगहाउस कंपनीने तो विजेच्या कामासाठी बनवला होता. चाकूवाल्यांनी तो आपलासा केला, आणि त्याला कारण आहे. जाड सुती कापडाचा, पॉलिश न केलेला मायकार्टा ओल्या हातात जास्त चांगला धरतो, कारण पृष्ठभागावर कापडाचे बारीक तंतू उघडे असतात. घामाने, तेलाने त्याचा रंग गडद होत जातो. काहींना तो डाग वाटतो. मला ती कामाची नोंद वाटते.

जी-टेन हा त्याचाच पुढचा भाऊ. कापडाऐवजी काचेच्या धाग्यांचं विणकाम, आणि रेझिन इपॉक्सी. इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डचा पत्राही याच कुळातला. पाणी जवळजवळ शोषत नाही, थंडी-उन्हाने हलत नाही, सहजासहजी फुटत नाही. मात्र गुळगुळीत जी-टेन ओला झाला की निसटतो, आणि फार खरबरीत असला तर पँटचा खिसा फाडतो. खरबरीतपणा घासून कमी करता येतो, पण इथे कळकळीची विनंती आहे: घासताना पृष्ठभाग ओला ठेवा आणि तोंडाला चांगला मास्क लावा. काचेची ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये. कार्बन फायबरलाही हेच लागू. तो हलका, ताठ आणि देखणा असतो, पण कडेवर ठोका बसला की त्याची कपची उडते. राबणाऱ्या चाकूला मी तो घेणार नाही.

काचतंतू मिसळलेल्या नायलॉनला लोक प्लास्टिक म्हणून नाक मुरडतात. हा अन्याय आहे. तो आदळआपट सोसतो आणि गंजाचा तर प्रश्नच नाही. दाबल्यावर थोडा लवतो, म्हणून आत पोलादी पट्ट्या असलेला पाहून घ्यावा.

धातूंपैकी अॅल्युमिनियम हलका असतो, पण अॅनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने त्यावर चढवलेला, कडक थर अगदी पातळ असतो आणि कोपऱ्यांवर उडतो. कडाक्याच्या थंडीत तो हाताची ऊबही ओढून घेतो. टायटॅनियमचा मिश्रधातू त्या मानाने उष्णता फार कमी वाहून नेतो, त्यामुळे तितका गार लागत नाही. वजन पोलादाच्या निम्म्याहून थोडं जास्त, आणि गंज जवळजवळ नाहीच. चाकू बनवणाऱ्या क्रिस रीव्ह यांच्या सेबेन्झा चाकूत टायटॅनियमच्या मुठीचाच एक भाग वाकून पात्यामागे अडतो आणि लॉक होतो. सेबेन्झा हा झुलू शब्द, अर्थ 'काम'. अशा लॉकमध्ये टायटॅनियम थेट पोलादावर घासतो आणि कधीकधी चिकटून बसतो, म्हणून पुष्कळ कारागीर त्या टोकाला पोलादाचा लहान तुकडा बसवतात. घेताना तो आहे का, हे बघा.

आणि स्क्रू. नुसत्या अॅल्युमिनियममध्ये किंवा नायलॉनमध्ये पाडलेले आटे पुनःपुन्हा खोलल्यावर झिजतात. ते आतल्या पोलादी पट्टीत असतील तर चाकू वर्षानुवर्षं खोलून साफ करता येतो.

मला एकच घ्यायचा झाला तर पोलादी पट्ट्यांवर बसवलेला, कापडाचा, खडबडीत मायकार्टा घेईन. तुम्हीही जो पसंत कराल तो आधी मिटलेलाच मुठीत जोरात आवळा आणि पन्नास अंक मोजा. मग हात उघडून तळव्यावर कुठे वळ उठलाय ते बघा. खिशाला अडकवायच्या क्लिपच्या किंवा कडेच्या जागी लाल रेघ दिसली, तर पदार्थ कितीही टिकाऊ असो, तासाभराच्या कामानंतर तिथेच फोड येणार आहे.