डोक्यावरून जाणारा रिपीटर

(दृश्य: गच्ची, तिन्हीसांज. एका हातात हँडी म्हणजे हातात मावणारा रेडिओ सेट, दुसऱ्या हातात पोलादी मोजपट्टीचे तुकडे लावून केलेली यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना.)

रिपीटर म्हणजे आलेला आवाज पुन्हा दूरवर पाठवणारं यंत्र. पाच वॅटची हँडी डोंगरावरच्या रिपीटरमार्फत शंभरेक किलोमीटर बोलते. पण एक रिपीटर याहून बराच उंच आहे, साधारण ४२० किलोमीटरवर, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात. सप्टेंबर २०२० पासून तो हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींसाठी आहे. त्याच्या नजरेत चहूबाजूंनी सव्वादोन हजार किलोमीटरचा टापू येतो. स्थानक बंगालच्या उपसागरावर असेल, तर पुणे आणि बँकॉक एकाच वेळी त्याच्या टापूत असतात.

आपण बोलायचं १४५.९९० मेगाहर्ट्झवर, ऐकायचं ४३७.८०० वर. सोबत ६७ हर्ट्झचा टोन, म्हणजे रिपीटर उघडणारा बारीक सूर. टोन लावायचा तो फक्त पाठवताना. ऐकतानाही लावलात तर स्पीकर मुकाच राहील. दोन वारंवारतांमधलं अंतर इतकं मोठं आहे, की सेटमधला नेहमीचा ऑफसेट, म्हणजे बोलण्या-ऐकण्यातला ठरावीक फरक, इथे पुरत नाही. ऐकायची आणि बोलायची वारंवारता एकाच चॅनेलमध्ये वेगवेगळी भरावी लागते.

असे पाच चॅनेल भरा. बोलायचं सगळ्यांत तेच. ऐकायचं मात्र ४३७.८१० पासून पाच-पाच किलोहर्ट्झनं उतरत ४३७.७९० पर्यंत. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं येतं, त्यामुळे येताना आवाज वरच्या वारंवारतेवर सापडतो आणि जाताना खालच्या. हाच डॉप्लर. बोलायच्या बाजूला तो साडेतीन किलोहर्ट्झच्या आत राहतो आणि एफएममध्ये खपून जातो. सेटची पायरी, म्हणजे वारंवारता बदलण्याचा टप्पा, साडेबारा किलोहर्ट्झवर असेल तर हे आकडे बसणारच नाहीत. आधी ती पाचवर आणा.

स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय, पूर्ण उघडा. खरखर कानाला त्रास देईल, पण क्षीण आवाज तिच्यातूनच वर येतो. क्षितिजावरचं स्थानक डोक्यावरच्यापेक्षा साडेपाचपट दूर, म्हणजे सिग्नल तिसावा हिस्सा. सेटसोबतची रबरी अँटेना इथेच हात टेकते.

(दृश्य: यागी धरलेलं मनगट, जवळून.)

यागी स्थानकाकडे रोखा आणि मनगट सावकाश फिरवा. आडवी, तिरपी, उभी. एका कोनात खरखर एकदम विरते, तिथेच थांबा. पुढच्या मिनिटाला तो कोन बदललेला असेल.

आपलाच आवाज परत ऐकायला काही जण दुसरा सेट कानाला लावतात. कल्पना चांगली, पण १४५.९९० ची तिप्पट ४३७.९७० होते, ऐकायच्या जागेच्या अगदी शेजारी. स्वस्त सेट बोलताना या तिप्पट वारंवारतेवरही थोडा सिग्नल सांडतो आणि दुसऱ्या सेटला बहिरा करतो. दोन सेटांत अंतर ठेवा, आणि स्पीकरऐवजी इअरफोन.

आता शिस्त. काही ऐकू येत नसेल तर पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबू नका. स्पेसवॉक किंवा यान जोडणीच्या वेळी रिपीटर बंदही असतो. एफएममध्ये जोरदार सिग्नल दुसऱ्याला गिळतो, म्हणून आंधळेपणानं बोलणारा इतरांचं संभाषण मोडतो. कॉलसाइन (परवान्यावरचं आपलं रेडिओ-नाव) आणि ग्रिड (नकाशावरच्या चौकोनाचा संकेत) सांगा. पुण्याचं एमके ६८, नागपूरचं एमएल ९१. समोरच्याचं ऐका, दुजोरा द्या, बाजूला व्हा. हवापाणी विचारायची ही जागा नव्हे. परवाना अर्थातच आधी हवा. वही सांभाळत बसू नका, फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवा.

चांगला पास, म्हणजे आपल्या आकाशातून स्थानकाची एक फेरी, दहा मिनिटांचा. स्थानक दीड तासानं पुन्हा येतं, पण तोवर पृथ्वी फिरलेली असते. त्याची वाट तेवीसेक अंश पश्चिमेला सरकते.