वादळाची वाट कोण ठरवतं?

नमस्कार श्रोतेहो. २ जून २०२०. टाळेबंदीत घरी अडकलेले आपण सगळे ‘निसर्ग’ चक्रीवादळ कुठे येणार याची वाट बघत होतो. हवामान खात्याचं म्हणणं होतं, हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागच्या आसपास. मुंबई त्या पट्ट्यात, म्हणून सगळ्यांचा जीव मुंबईत. दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ चढलं ते श्रीवर्धन-दिवेआगरला, म्हणजे पट्ट्याच्या पार दक्षिण टोकाला. मुंबई वाचली, श्रीवर्धनच्या वाड्यांतल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या.

अंदाज चुकला, असं पुष्कळांनी ऐकवलं. मला ते पटलेलं नाही.

वादळ आपल्या मनाने फारसं कुठे जात नाही. ओढ्यातला भोवरा पाण्याबरोबर वाहतो, तसं ते भोवतालच्या उंचावरच्या वाऱ्यांबरोबर सरकतं. त्या वाऱ्यांची खबर आणतो एक पांढरा फुगा. आपल्या घड्याळाने पहाटे आणि संध्याकाळी, दिवसातून दोनदा, जगभरच्या वेधशाळा तो सोडतात. खाली दोरीला हलकंसं यंत्र. वर चढता चढता ते तापमान, दमटपणा, वारा कळवत राहतं (रेडिओवरूनच, बरं का!) आणि शेवटी फुगा फुटतो.

पण भर समुद्रात फुगा सोडणार कोण? तिथे इन्सॅटसारखे उपग्रह कामाला येतात. नुसत्या ढगांच्या गुंडाळीवरून वाऱ्याचा जोर ताडायची पद्धत अमेरिकेच्या व्हर्नन ड्व्होरॅक यांनी १९७०च्या दशकात बसवली; ती आजही वापरात आहे. वादळ किनाऱ्याजवळ आलं की डॉपलर रडार, म्हणजे रेडिओलहरी सोडून पाऊस आणि वारा टिपणारं यंत्र.

हे सगळे आकडे संगणकात जातात. मग तेच आकडे किंचित बदलून गणित पुन्हा, पुन्हा मांडायचं. दर वेळी वाट थोडी निराळी निघते. वाटा एकमेकींना धरून राहिल्या तर पट्टा अरुंद, फाकल्या तर रुंद. आपण मात्र त्यातली मधली रेघच तेवढी बघतो.

शिवाय आपला किनारा उत्तर-दक्षिण, आणि अरबी समुद्रातली वादळंही पुष्कळदा उत्तरेकडे सरकत येतात. अशा तिरक्या चालीत किनाऱ्याकडचं वळण जरासं लवकर आलं, की धडकेची जागा शंभर किलोमीटर हलते.

पुढच्या मे महिन्यात आलेलं तौक्ते वादळ तर वळलंच नाही. किनाऱ्याला समांतर जात १७ मेच्या रात्री ते गुजरातेत चढलं. नकाशावर महाराष्ट्रात धडक कुठेच नव्हती. कोकणातली कौलं आणि पत्रे मात्र उडाले होते.