बडीशेपेचा गड्डा: आधी शिरा पाहा, मग सुरी उचला

(ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, परदेशी भाज्यांच्या गाळ्यांवर ब्रोकोली-झुकिनीच्या शेजारी फिकट हिरवा, बुडाशी फुगलेला एक गड्डा दिसतो. विक्रेते त्याला फेनेल म्हणतात. ही आपलीच बडीशेप, फक्त जात वेगळी. गुजरातेतल्या उंझ्याहून जे दाणे येतात त्या झाडाला असा गड्डा धरत नाही. ही जात इटलीत खाण्यासाठी वाढली, म्हणून तिला फ्लोरेन्स फेनेल असंही नाव आहे. हल्ली जांभळी नाक्यावर आणि मॉलमध्येही ती अधूनमधून मिळते. लोक हौसेने नेतात, कोबीसारखी चिरतात, आणि नंतर सांगतात की चोथा झाला, दातात अडकली. दोष भाजीचा नसतो, सुरी चुकीच्या दिशेने चाललेली असते. म्हणून आज पाककृती कमी आणि चिरणं जास्त.

आधी हा गड्डा बनलाय कशाचा ते पाहू. हे मूळ नाही, खोडही नाही. पानांच्या देठांची बुडं फुगून एकमेकांवर बसलेली असतात. पानं आळीपाळीने दोन बाजूंना फुटतात, त्यामुळे गड्डा पूर्ण गोल न होता चपटा होतो. मधे खालच्या बाजूला एक आखूड, घट्ट गाभा असतो, तेच खरं खोड. सगळे थर त्या गाभ्यालाच धरून असतात. प्रत्येक थरात बुडापासून दांड्याकडे उभ्या शिरा जातात. या शिरा शिजवल्या तरी मऊ होत नाहीत. भोवतालचा गर मऊ होतो, शीर शीरच राहते. एवढं लक्षात ठेवलंत की पुढचं निम्मं काम झालं.

घेताना जड, घट्ट, पांढरट आणि चकचकीत गड्डा घ्या. अडीचशे ते चारशे ग्रॅमचा चांगला. त्याहून मोठ्याचे बाहेरचे थर बहुधा जून असतात. बुडाची कापलेली जागा तपकिरी, भेगाळलेली असेल तर माल शिळा आहे. पाला टवटवीत हवा, कारण तो सगळ्यात आधी मान टाकतो. लांबुळका, सडपातळ गड्डा दिसला आणि मधून जाड दांडा वर निघालेला असला तर झाड फुलावर आलंय असं समजा. त्याचा गाभा लाकडासारखा निघेल. ही थंड हवेची भाजी आहे. उन्हं वाढली की गड्डा भरायच्या आधीच झाड फुलाकडे धावतं, म्हणून आपल्याकडे थंडीतला माल जास्त भरवशाचा. इटलीच्या बाजारात गोल गड्ड्याला नर आणि चपट्याला मादी म्हणायची पद्धत आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला काही आधार नाही, बडीशेपेच्या एकाच फुलात दोन्ही अवयव असतात. पण कच्चं खायला गोल गड्डा घ्यावा, हा त्यातला व्यवहार बरोबर आहे.

आता सोलणं. गड्ड्याच्या वर साधारण एक सेंटिमीटर ठेवून दांडे कापा. टाकू नका, त्यांच्याकडे नंतर येतो. बुडाची वाळलेली चकती दोन-तीन मिलिमीटरच छाटा. इथे हात सैल सुटला आणि जाड काप निघाला की थर गाभ्यापासून सुटतात आणि फोडी करायच्या आधीच गड्डा उकलतो. बाहेरचा थर डागाळला असेल तर काढा, पण नुसता जून असेल तर फेकायची घाई नको. साल काढायच्या सोलाण्याने त्याची पाठ वरून खाली पातळ खरवडा, म्हणजे घेवड्याच्या शिरा काढतो तशा या शिराही निघून येतात. आतला गर खाण्याजोगा असतो.

धुणं मात्र कापल्यानंतर. गड्डा पांढरा आणि कोवळा राहावा म्हणून शेतात त्याला मातीची भर देतात. ती माती थरांच्या फटीत, दांडे फुटतात तिथे बसते. अख्खा गड्डा नळाखाली धरून ती जात नाही. उभे दोन भाग करा, कापलेली बाजू खाली धरून फटी बोटाने उघडा आणि वाहत्या पाण्यात धुवा.

आता मुख्य मुद्दा, सुरी कुठे चालवायची.

कच्चं खायचं असेल तर शिरांना आडवं. अर्धा गड्डा कापलेल्या बाजूवर पालथा ठेवा, सुरीच्या टोकाने गाभ्याचा त्रिकोण काढा आणि आडवे, एक ते दोन मिलिमीटरचे काप करा. प्रत्येक शीर दोन मिलिमीटरची झाली की दाताला ती कळतच नाही. हाच गड्डा उभा, पातळ चिरला तर चार इंची दोरे तोंडात येतात, आणि मीठ-लिंबाने ते सुधारत नाहीत. स्लायसर वापरत असाल तर शेवटचा दोन बोटांचा तुकडा सुरीने कापा, तिथेच तळहात सोलला जातो.

परतायचं असेल तर उलट. उभे, चार-पाच मिलिमीटर जाडीचे काप. इथे शीर अखंड हवी, ती आच सोसते आणि काप चावायला उरतो. आडवे पातळ काप कढईत टाकलेत तर पाच मिनिटांत लगदा होतो.

तव्यावर खरपूस करायच्या फोडींना गाभा हवाच. अर्ध्या गड्ड्याच्या तीन किंवा चार फोडी करा. सुरी दर वेळी गाभ्याच्या मध्याकडे रोखायची, म्हणजे प्रत्येक फोडीला गाभ्याचा तुकडा राहतो आणि तोच थर धरून ठेवतो. फोड बाहेरच्या बाजूला साधारण दोन सेंटिमीटर जाड असावी. काहींना चपट्या फळ्या हव्या असतात. तर गड्डा अर्धा न करता बुडावर उभा करा आणि रुंद बाजूला समांतर दीड-दीड सेंटिमीटरवर कापा. मधल्या दोन-तीन फळ्याच टिकतील. कडेच्या तुकड्यांत गाभा येत नाही, ते सुटणारच. ते भाजीत घाला.

विळीवर चिरायला हरकत नाही, आडवे बारीक काप तर विळीवर सुरीपेक्षा झरझर होतात. पण पाते साध्या लोखंडाचं असेल तर केळफुलाला होतं तेच इथे होतं: रसातले घटक लोखंडाशी मिळून करडा-काळा रंग देतात. स्टीलचं पाते वापरा, नाहीतर लोखंडी पात्याला आधी लिंबाची फोड चोळा. हवेने तपकिरी पडणं हा निराळा प्रकार, तो वितंचकामुळे, म्हणजे एन्झाइममुळे होतो आणि आंबट पाण्याने थांबतो. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा लिंबाचा रस पुरे. त्यात बर्फ घातलात तर काप कुरकुरीत होतात, पण दहा मिनिटांत काढा. काढल्यावर फडक्यात घालून नीट कोरडे करा, नाहीतर कोशिंबिरीला पाणी सुटतं. मीठ वाढायच्या वेळीच. दाण्याचं कूट, लिंबू, हिरवी मिरची एवढंच पुरतं. हिंग-मोहरीची फोडणी इथे मला अनाठायी वाटते, या भाजीचा गोडसर वास त्याखाली दबतो.

हा वास ॲनेथोल नावाच्या द्रव्याचा. चक्रीफुलातही तेच असतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं, आणि वाफेबरोबर उडतं. बडीशेपेचं तेल काढतात तेच मुळी वाफेच्या ऊर्ध्वपातनाने! म्हणून कुकरला लावू नका, उघड्या पातेल्यात उकळूही नका. फोडींसाठी जाड तवा, दोन मोठे चमचे तेल, मध्यम आच. कापलेली बाजू खाली ठेवून पाच-सहा मिनिटं हलवायचं नाही, मग उलटायचं. दोन्ही बाजूंना रंग आल्यावर मीठ, पाव वाटी पाणी आणि झाकण. दहा-बारा मिनिटांत सुरीचं टोक गाभ्यात सहज शिरलं की झालं. मीठ आधी घातलं किंवा तव्यावर दाटी केली तर पाणी सुटतं आणि फोडी खरपूस न होता वाफेवर शिजतात. ओव्हन असेल तर २०० अंशांवर तीस ते पस्तीस मिनिटं.

आंबट नेहमी शेवटी. टोमॅटो, आमसूल, चिंच आधी पडली तर भाजी मऊ व्हायला फार वेळ घेते, कारण आंबटपणात पेशी जोडून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही. पीठ पेरून भाजी करताना तर हे पक्कं पाळा: आधी काप मऊ, मग बेसन, मग लिंबू.

दांडे जून आणि दोरेदार असतात, त्यांची भाजी होत नाही. चिरडून साराच्या किंवा सूपच्या पाण्यात वीस मिनिटं मंद आचेवर ठेवा आणि गाळून टाका. पापलेट तव्यावर टाकताना खाली दांड्यांची शेज केली तर मासा चिकटत नाही आणि वासही छान लागतो. पाला कोथिंबिरीसारखा, आच बंद केल्यावर. शेपूच्या जागी मात्र तो चालत नाही. दिसायला सारखा, चव गोड.

एका ताईंनी विचारलं, गड्डा किती दिवस टिकतो? दांड्यांसकट ठेवला तर दोन-तीन दिवसांत पिचपिचीत होतो, कारण पाला गड्ड्यातलं पाणी ओढत राहतो. दांडे कापून गड्डा ओलसर फडक्यात गुंडाळा आणि डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, आठवडा जातो. पाला वेगळा ठेवा, तो दोन दिवसांत वापरून टाका.

मागच्या रांगेतून प्रश्न आला, डब्यातले बडीशेपेचे दाणे कुंडीत पेरले तर? उगवले तर पाला मिळेल, गड्डा नाही. गड्ड्यासाठी फ्लोरेन्स जातीचंच बी लागतं. ते पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी पेरा, आणि शक्यतो जिथे वाढवायचं त्याच कुंडीत. रोप उपटून दुसरीकडे लावलं की ते बिथरतं आणि लवकर फुलावर येतं. दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. गड्डा लिंबाएवढा झाला की बुडाशी मातीची भर द्या, आणि मुठीपेक्षा थोडा मोठा झाला की काढा.