हरणाऱ्या संघाने सौदा कधी करावा?

नमस्कार श्रोतेहो.

३ जानेवारी २०१९ची सकाळ आठवा. एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीत, तेव्हा ३१ संघ होते आणि गुणतक्त्यात अगदी तळाला होता सेंट लुईस ब्लूज. ३७ सामन्यांत ३४ गुण. प्रशिक्षकाला नोव्हेंबरातच घरी पाठवून झालं होतं. मग आता कुणाला काढायचं? कर्णधार अ‍ॅलेक्स पिएट्रँजेलोचं नाव चर्चेत होतं, हुकमी गोल मारणाऱ्या तारासेन्कोचंही.

संघासंघांतली खेळाडूंची ही अदलाबदल, तिथल्या भाषेत ट्रेड, मोसम चालू असतानाही होते. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू द्यायचा, किंवा पुढच्या एखाद्या वर्षी नवा मुलगा निवडण्याचा आपला हक्क द्यायचा. नुसता पैसा ओतून भागत नाही, कारण पगारांना वरची मर्यादा असते. त्या मोसमात ती प्रत्येक संघाला ७ कोटी ९५ लाख डॉलर होती. त्यामुळे महागडा माणूस आणायचा, तर बहुतेक वेळा घरातला एक सोडावा लागतो. आणि तुम्ही हरताय हे समोरच्याला पक्कं ठाऊक असतं. गरजवंताला अक्कल नसते असं आपण म्हणतो ना, तो त्याच क्षणाची वाट बघत असतो.

बोस्टन ब्रुइन्सचं तसंच झालं. नोव्हेंबर २००५. संघ हरत होता, लोक चिडले होते. ३० तारखेला त्यांनी आपला कर्णधार जो थॉर्नटन सॅन होजे शार्क्सला दिला आणि त्याच्या जागी तीन बरे खेळाडू घेतले. गंमत अशी की शार्क्सही तेव्हा सलग १० सामने हरलेले होते. दोघंही अडचणीत, पण एकाने आपलं सर्वोत्तम दिलं आणि दुसऱ्याने ते घेतलं. थॉर्नटनने त्या मोसमात स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलांना केलेली मदत धरून १२५ गुण मिळवले, लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. ब्रुइन्स बाद फेरीत पोचलेच नाहीत. थॉर्नटनचा पगार वाचला म्हणूनच पुढच्या उन्हाळ्यात झडेनो चारा आणता आला आणि २०११चा स्टॅन्ली करंडक, म्हणजे लीगचं विजेतेपद, मिळाला, असं काही जण सांगतात. त्यात तथ्य आहे. पण हातचा हिरा नोव्हेंबरच्या रागात का द्यायचा, याचं उत्तर मला त्यात सापडत नाही.

माझं मत सरळ आहे. हरत असताना आधी बघावं की नेमकं गळतंय कुठे. मारलेले फटके चांगले आहेत, पण पक, म्हणजे ती रबरी चकती, जाळ्यात जात नाही, असं पंधरा-वीस सामने चालू शकतं. ते दिवस आपसूक फिरतात, तिथे सौदा करू नये. पण काही उणीव दोन-दोन वर्षं तशीच राहिलेली असते. लॉस एंजेलिस किंग्जची होती. बचाव भक्कम, गोलरक्षक जोनाथन क्विक जबरदस्त, आणि गोलांचा मात्र दुष्काळ. फेब्रुवारी २०१२मध्ये त्यांनी बचावपटू जॅक जॉन्सन आणि नवे खेळाडू घेण्याच्या पहिल्या फेरीतली एक निवड देऊन जेफ कार्टरला आणलं. जिथे मुबलक होतं तिथलं दिलं, जिथे नव्हतं तिथे लावलं. विभागात आठवे येऊन जूनमध्ये त्यांनी करंडक जिंकला. सौदा करायचा तर असा.

ब्लूजची गळती गोलजाळ्यात होती, आणि तिच्यावरचा उपाय त्यांच्याच दुय्यम संघात बसलेला होता. ७ जानेवारीला २५ वर्षांच्या जॉर्डन बिनिंग्टनला पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरवलं. फिलाडेल्फियाविरुद्ध ३-०, एकही गोल खाल्ला नाही. पुढे संघाने सलग ११ सामने जिंकले. फेब्रुवारीच्या अखेरीस अदलाबदलीची मुदत संपली, तेव्हा जनरल मॅनेजर डग आर्मस्ट्राँग यांनी आणला फक्त एक जादा बचावपटू, तोही सहाव्या फेरीच्या निवडीवर. एवढ्या आरडाओरडीत हात आवरून बसायला किती धीर लागला असेल! त्यांचा मोठा सौदा आधीच, जुलै २०१८मध्ये झाला होता. तेव्हा एकही सामना हरलेला नव्हता, कुणी ओरडत नव्हतं, आणि बफेलोकडून त्यांनी रायन ओ'रायलीला शांतपणे घेतलं होतं.

१२ जून २०१९. अंतिम फेरीचा सातवा सामना, तोही बोस्टनच्या मैदानावर. पहिला गोल ओ'रायलीचा. पहिला भाग संपायला आठ सेकंद उरलेली असताना दुसरा गोल झाला. तो मारला पिएट्रँजेलोने, ज्याला देऊन टाकायची जानेवारीत चर्चा होती. बिनिंग्टनने ३२ फटके अडवले, ब्लूज ४-१ने जिंकले, आणि १९६७पासून खेळणाऱ्या त्या संघाचा पहिलावहिला स्टॅन्ली करंडक कर्णधार पिएट्रँजेलोने डोक्यावर उचलला.