कच्चं मडकं, पक्कं मडकं

(दृश्य: तेर, सकाळ. तेरणेचा काठ, मग गोरोबाकाकांच्या समाधी मंदिराचं आवार.)

तेरला आलं की आधी गोरोबाकाकांचं दर्शन, मग बाकीची कामं. आम्हीही तेच केलं. आवारात एक आजोबा नातवाला गोष्ट सांगत बसले होते. गोष्ट तीच, अख्ख्या महाराष्ट्राला पाठ असलेली. संतांचा मेळा जमलाय. मुक्ताबाईंना कोपऱ्यात थापटणं, म्हणजे मडकी ठोकायची कुंभाराची लाकडी फळी, दिसतं. काका, हे कशाला? मडकं कच्चं की भाजलेलं, ते कळायला. मग आमचीही परीक्षा घ्या की! काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. सगळे गप्प राहतात, नामदेव तेवढे कुरकुरतात. काका सांगून टाकतात, हे मडकं कच्चं.

पोरानं विचारलं, "लागलं असंल का हो त्यांना?"

आम्ही पडलेल्या, हरवलेल्या इमारती संगणकावर उभ्या करतो. आज ते थापटणं आमच्याच कामावर चालवून बघायचंय.

(दृश्य: त्रिविक्रम मंदिर. मागच्या अर्धगोल भिंतीवरून सरकणारा कॅमेरा.)

हे त्रिविक्रमाचं मंदिर. भाजक्या विटांचं, मागून अर्धगोल, वर हत्तीच्या पाठीसारखं छप्पर. अभ्यासक अशा आकाराला गजपृष्ठाकारच म्हणतात. अजिंठ्याची 9 आणि 10 क्रमांकाची चैत्यगृहं, म्हणजे स्तूप असलेली बौद्ध प्रार्थनागृहं, बघितलेल्या माणसाला इथं आल्यावर ओळखीचं वाटतं. तिकडे हा आकार डोंगरात कोरला म्हणून टिकला. विटा-लाकडात बांधलेलं असलं काही आज शोधावं लागतं. दुसरं नाव चटकन आठवतं ते आंध्रातल्या चेजर्ल्याच्या कपोतेश्वराचं. हेन्री कझेन्स यांनी तेरच्या या वास्तूची नोंद पुरातत्त्व खात्याच्या 1902-03 च्या अहवालात केली, तेव्हापासून तिच्यावर वाद चालू आहे.

समोरचा सपाट छताचा मंडप नंतरचा. आता समजा, संगणकावर हा मंडप उचलून बाजूला ठेवला. मागे उरलेल्या मूळ वास्तूत काय दाखवायचं? एक मत म्हणतं, आत स्तूप होता, हे बौद्ध चैत्यगृह, विष्णू नंतर आले. दुसरं मत म्हणतं, गजपृष्ठाकार देवळं सगळेच बांधत होते, आकारावरून धर्म ठरवू नका. लेख लिहिणारा "याबाबत मतभेद आहेत" असं लिहून पुढच्या परिच्छेदात जातो. मॉडेल करणाऱ्याला ती सोय नाही. गाभाऱ्यात कॅमेरा शिरला की समोर काहीतरी दिसावंच लागतं.

काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमासाठी मी असंच एक मॉडेल केलं. तेरचं नव्हे, मराठवाड्यातल्याच एका शिखर पडलेल्या दगडी देवळाचं. जोत्यापासून छतापर्यंत सगळं मोजून घेतलेलं. शिखर मात्र माझ्या मनचं. दोन-तीन ठिकाणची शिखरं बघितली, त्यातलं मला आवडलं ते बसवलं, वर सोनेरी कळस ठेवला, संध्याकाळचं ऊन टाकलं. टाळ्या पडल्या. महिन्याभरात त्यातली बारा सेकंदांची तोडलेली क्लिप माझ्याच मोबाईलवर फिरून आली. खाली लिहिलं होतं, "असं होतं आपलं मूळ मंदिर." पुढं त्याच क्लिपवरून दोन गटांत जुंपली. एकही जण म्हणाला नाही की ते शिखर कुणीतरी रात्री दोन वाजता, चहा पीत, अंदाजानं बसवलंय. म्हणणार तरी कसा? मोजलेला दगड आणि माझा अंदाज, दोन्ही सारखेच चकचकीत दिसत होते.

(दृश्य: तेच मॉडेल. शिखर विरघळून नुसती रेषा उरते.)

या दुखण्यावर जगात बराच विचार झालाय. जुन्या वास्तूंच्या जीर्णोद्धारासाठी 1964 मध्ये व्हेनिसचा जाहीरनामा आला. त्यात स्पष्ट म्हटलं होतं, जिथं तर्क सुरू होतो तिथं जीर्णोद्धारानं थांबायचं. दगडाला हा नियम ठीक, कारण चुकीचा बसवलेला दगड खरा दगड झाकून टाकतो. संगणकावर कुणाचंच काही झाकलं जात नाही, म्हणून तिथं तर्काला मुभा आहे. फक्त तो तर्क आहे हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. 2006 मध्ये आकाराला आलेल्या आणि 2009 मध्ये सुधारून निघालेल्या लंडन चार्टरचा, म्हणजे संगणकावर वारसा उभा करण्याच्या नियमावलीचा, गाभा हाच. पुढं 2011 च्या सेव्हिल तत्त्वांनी पुरातत्त्वासाठी तो आणखी नेमका केला, आणि 2017 मध्ये दिल्लीत भरलेल्या इकोमॉसच्या, म्हणजे वारसास्थळं जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, महासभेनं ती तत्त्वं स्वीकारली. दिल्लीत! आपल्याकडे मॉडेल करणाऱ्या किती जणांनी त्यांचं नाव ऐकलंय, हा प्रश्न मी दुसऱ्यांना विचारत नाही. मलाही त्या शिखराच्या भानगडीनंतरच कळलं.

लंडन चार्टरमध्ये एक शब्द आहे, पॅराडेटा. ऐकायला जड, पण गोष्ट साधी. भिंत इतकी उंच का धरली, खिडकी इथंच का काढली, दुसरा पर्याय कोणता होता आणि तो का सोडला, हे सगळं लिहून ठेवायचं. आम्ही त्याला वही म्हणतो. दोनशे पानी, दुकानात मिळते तसली. डाव्या पानावर निर्णय, उजव्या पानावर कारण. उजवं पान कोरं राहिलं, तर डाव्या पानावरची गोष्ट मॉडेलमध्ये ठिपक्यांच्या रेषेनं काढायची.

चार्टर म्हणतो, डिजिटल फाईल टिकवण्याची सोय आधी करा, आणि काहीच उरण्यापेक्षा निदान सपाट चित्राची प्रत तरी उरू द्या. माझी पहिली हार्ड डिस्क गेली तेव्हा त्या शिखराच्या मॉडेलचं काय उरलं, सांगू? ती बारा सेकंदांची क्लिप.

(दृश्य: तेरचं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय. कोरीव लाकडी चौकटीचा जवळून शॉट.)

ही चौकट बघा. तेरच्याच उत्तरेश्वर मंदिराची. विटांचं देऊळ आणि त्याला लाकडाचा दरवाजा. चौकट देवळातून निघून संग्रहालयात आली, म्हणून वाळवी आणि पावसापासून वाचली. आमच्यासाठी ती सोन्याहून मोलाची, कारण हा कागदावरचा अंदाज नसून हाताला लागणारं माप आहे. दाराची रुंदी कळली, उंची कळली, वरच्या पट्टीवर किती भार येत असेल याचा हिशेब करता आला. आमच्या भाषेत हे भाजलेलं मडकं. भिंतीची जाडी कळली तर छप्पर कुठवर पेलेल हे काढता येतं, ते वाळलेलं मडकं. धरायला हरकत नाही, पाणी ओतायचं नाही. आणि भिंतीचा रंग, पडदे, समया, गर्दी, हे सगळं चाकावरचं ओलं. मॉडेलमध्ये तिघांचे रंग वेगळे: विटेचा लाल, फिकट मातकट, आणि नुसती रेषा. दिसायला देखणं होत नाही, हे कबूल. पैसे देणारे हमखास म्हणतात, "जरा रंग भरा की हो."

(दृश्य: अजिंठा, लेणं 24. अर्धवट खांब.)

पडलेलं एक आणि पुरं न झालेलं दुसरं. अजिंठ्याचं 24 क्रमांकाचं लेणं पाचव्या शतकात मोठा घाट घालून कोरायला घेतलं आणि अर्ध्यात सुटलं. काही खांबांवर बारीक नक्षी, काही अजून चौकोनी ठोकळे. इथं मोह फार. सॉफ्टवेअरमध्ये आरशाचं बटण असतं: पुरा झालेला खांब निवडा, बटण दाबा, समोरची ओळ तयार. पण अजिंठ्याच्या ओळीतले दोन खांब जवळून बघा. एकाची नक्षी दुसऱ्यावर जशीच्या तशी सापडत नाही. म्हणून आम्ही ठोकळा ठोकळाच ठेवला. अजिंठ्याबद्दल बोलायला बसलो तर ही फिल्म संपायची नाही, पुढं जाऊ.

(दृश्य: भूकंपपट्ट्यातलं एक जुनं गावठाण. बाभळी, दगडांचे ढीग, कुठं एखादं जोतं.)

30 सप्टेंबर 1993. पहाटे चारला काही मिनिटं कमी. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. गणपती विसर्जन करून लोक नुकते कुठं झोपले होते. नंतर नवी गावं दुसऱ्या जागी वसली, जुनी गावठाणं बाभळींनी घेतली.

इथं काम करताना कळलं की पंधराशे वर्षांपूर्वीचं तेर सोपं होतं. तेव्हाच्या कागदांची कुणी अपेक्षाच करत नाही. पण 1993 चं गाव, आणि त्याचाही नकाशा मिळू नये? तेव्हाच्या मोजणीच्या नकाशावर शेताचा बांध न् बांध असायचा. गावठाण मात्र बहुतेक खेड्यांत एकाच हद्दीनं घेरलेलं कोरं क्षेत्र असायचं. त्या हद्दीत कुणाचं घर कुठं, बोळ कुठून वळायचा, हे कुठंच उतरलेलं नव्हतं.

मग पुरावा कुठून आणायचा? लग्नाच्या अल्बममधून. एका फोटोत नवरदेवाच्या मागं ढेळज, म्हणजे दारालगतची ओसरी, दिसते आणि भिंतीला टेकवलेली सायकल. अठ्ठावीस इंची चाकाची. फोटोवर ते चाक एकावर एक ठेवत गेलो, भिंत बरोबर चार चाकं भरली. म्हणजे एकशे बारा इंच, नऊ फूट चार इंच. हे गणित चालतं ते सायकल भिंतीलगत आणि फोटो समोरून काढलेला असेल तरच. कॅमेरा तिरका असेल तर वहीत "वाळलेलं" लिहायचं, भाजलेलं नाही. दुसरं माप लोकांच्या बोलण्यात असतं. कुणी म्हणतं, आमचं सात खणाचं घर. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. एका घराचा खण जोत्यावरून मोजता आला की शेजारच्या घरांना माप लागायला सुरुवात होते.

(दृश्य: मॉडेल. थर एकेक करून उलगडतात.)

घर माळवदाचं. खांब, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि वर मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी त्यावर आणखी माती पडायची, थर वाढत जायचा. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड, गोल दगड मातीत बसवलेले, आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांत न गुंतलेले. उन्हाळ्यात थंडगार घर. जमीन हलली तेव्हा भिंतींचे दोन्ही पापुद्रे सुटले आणि वरची माती खाली आली. हा भाग आम्ही मॉडेलमध्ये हलवून दाखवला नाही. बांधणी कशी होती एवढंच दाखवलं.

मॉडेल लॅपटॉपवर घेऊन नव्या गावात गेलो. एका आजीच्या ओसरीत बसलो, तिचंच घर तिला दाखवायला. शेजारी तिचे दीर.

आजी पडद्यावरच्या बळदावर, धान्य साठवायच्या जागेवर, बोट ठेवून म्हणाली, "बळद हिकडं नव्हतं. डावीकडं, देवळीच्या खाली."

दीर म्हणाले, "वैनी, उजवीकडंच होतं. पोती मीच रिती करायचो."

"तुम्ही पोती आणून टाकायचा भाऊजी. धान्य काढायची मी."

दोघंही त्या घरात वीस वर्षं राहिलेले. आम्ही दोन्ही बळदं ठेवली, दोन वेगळ्या फाईलींत, वहीत दोघांचं म्हणणं शब्दशः लिहून. मग आजी अंगणात आली. म्हणजे कॅमेरा आला, पण ती पुढं झुकली होती जणू चालतच होती. अंगणातलं वृंदावन आम्ही ठिपक्यांच्या रेषेनं काढलेलं.

"ह्ये असं का केलंय? ठिपक्या-ठिपक्याचं?"

"आजी, याचा पुरावा नाही मिळाला. फोटोत नाही, जोत्यावर खूण नाही."

आजीनं लॅपटॉपवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"मी हाय की."

वही उघडली. डाव्या पानावर लिहिलं, वृंदावन. उजव्या पानावर काय लिहायचं ते तिनं सांगितलं: उंबऱ्यापासून सात पावलं, तोंड उगवतीला, एक कोपरा पोरानं सायकल धडकवून फोडलेला. पावलं कुणाची, असं विचारलं. ती उठली आणि नव्या घराच्या उंबऱ्यापासून चालून दाखवायला लागली. आम्ही मागून टेप धरला.